गुडघ्याचा घसारा

(हिंगोली जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



जिल्ह्याच्या बैठकीत आपण कापसाच्या भावावर बोलतो, विजेवर बोलतो, कर्जावर बोलतो. आज आम्ही गुडघ्यावर बोलणार आहोत. हा दवाखान्यातला विषय, तो मंडपात कशाला आणला, असे कोणी विचारील. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पाऊस नाही आणि भावही नाही. त्याच्या मालकीचे भांडवल म्हणजे जमिनीचा तुकडा आणि स्वतःचे अंग. त्या अंगात शेतकामाने लवकर झिजणारा भाग म्हणजे गुडघा, आणि तो जास्त करून झिजतो घरच्या बाईचा.

दुसरे कारण असे की गेली काही वर्षे मोबाइलवर एक बातमी फिरते आहे. गुडघ्यातल्या म्हाताऱ्या पेशी शोधून मारता येतात, त्या मेल्या की झिजलेली गादी पुन्हा भरून येते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, अशी ती बातमी. तिच्या मागोमाग इंजेक्शनवाले येतात, कॅप्सूलवाले येतात, तेलवाले येतात. बातमीत खरे किती, आणि तिच्या नावावर आपल्या खिशात हात कोण घालतो, हा हिशेब आज मांडायचा आहे.

घसारा कोणी धरला?

शेतीमालाचा उत्पादन खर्च काढणारी सरकारी माणसे बियाणे धरतात, खत धरतात, फवारणी धरतात. अवजारांचा आणि गोठ्याचा घसाराही धरतात. वखराची पास झिजली तर तिची किंमत हिशेबात येते. पण ज्या बाईने तीस वर्षे कापसात आणि ज्वारीत उकिडवे बसून खुरपले, तिच्या गुडघ्याची झीज कोणत्या रकान्यात लिहितात? घरच्या माणसाची मजुरी दिवसाच्या दराने मांडली की कागद पुरा झाला. मजुरी हे त्या दिवसाच्या कामाचे मोल. घसारा म्हणजे ते काम पुढेही करता यावे म्हणून बाजूला ठेवायची रक्कम. ती कोणी ठेवत नाही. मग पन्नाशी उलटली की ती बाई भिंतीला हात टेकून उठू लागते, निंदायला बाहेरची बाई सांगावी लागते, गोळ्यांचा खर्च सुरू होतो. कागदावर न धरलेला घसारा असा घराच्या खर्चात उतरतो.

भिगवणची मोजणी

हे दुखणे किती जणांना असते, याची नीट मोजणी महाराष्ट्रातल्या एका गावात झालेली आहे. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातले भिगवण. १९९६ मध्ये पुण्याचे सांधेदुखीतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या पद्धतीने तिथे घरोघर पाहणी केली. चार हजारांवर मोठ्या माणसांची विचारपूस झाली. दर शंभरात अठरा जणांना सांधे, कंबर, स्नायू यांचे काही ना काही दुखणे निघाले, आणि शंभरात सहाच्या आसपास लोकांना सांध्यांच्या झिजेचे दुखणे. यात तरणेताठेही धरलेले आहेत. नुसती पन्नाशीपुढची माणसे घेतली तर प्रमाण किती वर जाईल, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

वयाबरोबर झीज होते हे खरे. पण सगळे वयावर ढकलू नका. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवतात. ज्या पुरुषांच्या कामात गुडघा वाकवणे आणि वजन उचलणे दोन्ही होते, त्यांची गुडघ्याची झीज पुढे जास्त निघाली, असे तिथे १९९१ मध्ये दिसले. नंतर चीनमध्ये पाहणी झाली. बीजिंगच्या म्हाताऱ्या बायांत गुडघ्याची झीज फ्रेमिंगहॅमच्या बायांपेक्षा जास्त निघाली. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांत ती अधिक, असेही पुढे आढळले. खुरपणीच्या पाळीला आपल्या बाया दिवसाचे किती तास उकिडव्या असतात, ते तुम्हीच मनात मोजा.

गादी म्हणजे काय

डॉक्टर फोटो काढतात आणि म्हणतात, गादी झिजली, गॅप कमी झाला. ही गादी म्हणजे दोन्ही हाडांच्या टोकांवरचा कूर्चेचा गुळगुळीत थर. तिच्यात रक्तवाहिनी नाही. जिवंत पेशी फार थोड्या, शंभर भागांत दोनच्या आसपास. बाकी सगळे त्या पेशींनी विणलेले जाळे आणि जाळ्यात धरून ठेवलेले पाणी. एवढ्याशा जागल्यांनी सगळ्या रानाची जन्मभर राखण करायची, अशी ही व्यवस्था आहे.

रक्त पोचत नाही, मग या पेशींना अन्न कुठून मिळते? सांध्यातल्या रसातून. पाय टेकला की गादी दाबते आणि पाणी बाहेर जाते. पाय उचलला की पाणी आत येते, त्याबरोबर अन्न येते. म्हणजे चालणे हे गादीला पाणी देणे आहे. चालणे बंद केले की तिची पाळी चुकली. उकिडवे बसल्यावर मात्र गादीच्या एकाच भागावर दाब येतो आणि तो तासभर सुटत नाही.

कूर्चेत मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे ती झिजताना ओरडत नाही. आपल्याला दुखू लागते तेव्हा सांध्याचे अस्तर सुजलेले असते, हाडावर ताण आलेला असतो. बांध फुटल्याचे कळते ते माती वाहून गेल्यावर, तसाच हा प्रकार.

आढीतला नासका आंबा

आता म्हाताऱ्या पेशींकडे येऊ. १९६१ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या दोघांनी दाखवले की माणसाची पेशी बाटलीत वाढवली तर ती सुमारे पन्नास वेळा दुभागते आणि मग थांबते. थांबलेली पेशी लगेच मरत नाही. ती बसून राहते. कूर्चेतल्या पेशी मोठेपणी फारशा दुभागत नाहीत, तरी वय, मार आणि ताण यांनी त्याही अशाच थिजतात.

नुसती बसून राहती तरी चालले असते. पण ही पेशी गादीचे जाळे विरघळवणारा रस सोडते. सूज आणणारे निरोप शेजारणींना पाठवते, आणि धडधाकट शेजारीणही तिच्यासारखी होऊ लागते. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, ही आपली म्हण इथे बरोबर लागू पडते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी अशा थिजलेल्या पेशी चांगल्या उंदरांच्या गुडघ्यात टोचून पाहिल्या. उंदरांना माणसासारखे गुडघ्याचे दुखणे जडले.

तेव्हा वाटते, नासका आंबा उचलून फेकला की झाले. पण या पेशी सगळीकडे शत्रूच नाहीत. जखम भरताना त्यांचा उपयोग होतो. बिघडलेली पेशी थांबते म्हणून तिचा कर्करोग होत नाही. मित्रकिडी मारून बसल्यावर पुढे काय होते, हे कापूसवाल्याला शिकवायला नको. इथेही सरसकट फवारणी चालत नाही. औषध नेमके हवे, आणि नेमक्या जागी हवे.

उंदराचा प्लॉट, माणसाचे रान

असे नेमके औषध निघाले होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेनिफर एलिसेफ यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये उंदरांच्या गुडघ्यातला अस्थिबंध कापला, म्हणजे दुखणे मुद्दाम लावले, आणि मग गुडघ्यात यूबीएक्स ०१०१ नावाचे औषध टोचले. थिजलेल्या पेशी कमी झाल्या, झीज कमी झाली, दुखणे उतरले. बातमी जगभर गेली. आपल्या मोबाइलवर आजही फिरते ती याच जातीची बातमी. पण त्याच कामात आणखी एक ओळ होती, ती बातमीत आली नाही. म्हाताऱ्या उंदरांना तेच औषध दिले तेव्हा दुखणे उतरले, पण गादी काही भरून आली नाही.

पुढे युनिटी नावाच्या अमेरिकन कंपनीने हे औषध माणसांवर आजमावले. २०१९ मधल्या पहिल्या छोट्या चाचणीत दुखणे उतरल्याचे कंपनीने जाहीर केले. मग १८३ रुग्णांची मोठी चाचणी झाली. काहींच्या गुडघ्यात औषध टोचले आणि काहींच्या गुडघ्यात नुसतीच खोटी सुई, औषधाविना. कोणाला काय टोचले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये निकाल लागला. बारा आठवड्यांनी दोन्ही बाजूंच्या दुखण्यात फरक नव्हता. कंपनीने गुडघ्याचे काम सोडून दिले.

असे का व्हावे, हे कोरडवाहू शेतकऱ्याला लवकर कळेल. विद्यापीठाच्या प्लॉटवर नवे वाण एकरी जे उतरते, ते आपल्या मुरमाड रानात उतरते का? तिथे पाणी वेळेवर, खत मापात, राखण चोख. उंदराचा गुडघा हा तसा प्लॉट आहे. वय तरणे, जखम ताजी, औषध आठवड्या-दोन आठवड्यांत. आपल्या बाईचा गुडघा तीस वर्षे झिजलेला. तण काढल्याने पीक सुधारते ते रानात माती असेल तर. उतारावरची माती वाहून जाऊन खाली मुरूम उघडा पडला असेल, तर कितीही निंदा, ज्वारी येत नाही.

काम मात्र थांबलेले नाही. २०२५ च्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात हेलन ब्लाऊ आणि निधी भुतानी यांच्या गटाने वेगळी वाट दाखवली. म्हाताऱ्या पेशी मारायच्या नाहीत, त्यांना पुन्हा कामाला लावायचे. वयाबरोबर वाढणारे १५-पीजीडीएच नावाचे एक विकर अडवले, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांची गादी जाड झाली. गुडघा बदलताना काढलेल्या माणसांच्या कूर्चेवरही प्रयोगशाळेत चांगला परिणाम दिसला. उमेद धरावी असे हे काम आहे. पण तोही अजून प्लॉटच आहे, रान नव्हे.

तेव्हा ध्यानात ठेवायचे एवढेच की विचार खोटा ठरलेला नाही आणि औषध हाती आलेले नाही. गुडघ्यातल्या म्हाताऱ्या पेशी मारण्यासाठी मंजूर झालेले एकही औषध आज बाजारात नाही. विचार आणि औषध यांच्यामध्ये जी फट आहे, तिच्यात दलाल शिरतो.

दलालाला विचारायचे प्रश्न

तुम्ही म्हणाल, पण आमच्या शेजारणीला त्या इंजेक्शनने गुण आला. आला असेल. गुडघ्याच्या चाचण्यांत नुसते मिठाचे पाणी टोचलेल्या कित्येकांचेही दुखणे उतरते. हे दुखणे चढते-उतरते आहे. माणूस दवाखान्यात जातो ते दुखणे ऐन भरात असताना, आणि पुढे ते आपोआप थोडे उतरते. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते. म्हणून एका शेजारणीचा अनुभव पुरत नाही. सारख्या दोन गटांत, कोणाला काय दिले ते झाकून मोजणी झाली का, हे विचारले पाहिजे.

गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतात, त्याचीही अशी मोजणी झाली आहे. १४० रुग्णांना दोन वर्षे, दर तीन महिन्यांनी, काहींना स्टेरॉइड आणि काहींना मिठाचे पाणी. २०१७ मध्ये निकाल आला. दुखण्यात फरक नाही, आणि स्टेरॉइडवाल्यांची गादी जास्त झिजली. सुजलेल्या गुडघ्याला डॉक्टरने एखादे वेळी टोचले तर ते वेगळे. दर तिमाहीला टोचून घेणे म्हणजे उरलेली मातीही वाहून घालवणे.

आता हळद. हिंगोली-वसमतच्या बाजारपेठेला हळदीबद्दल कोणी काय सांगावे! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपलीच हळद कॅप्सूलमध्ये भरून 'म्हाताऱ्या पेशी मारणारी' म्हणून आपल्यालाच विकायला येतात. मोजणी काय सांगते? ऑस्ट्रेलियात टास्मानिया येथे ७० रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली, निकाल २०२० चा. हळदीच्या अर्काने दुखणे खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरले, पण सांध्यातली सूज आणि गादी यांत फरक पडला नाही. आपले डॉ. चोप्रा यांनीही २०१३ मध्ये ४४० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापला. शल्लकी, गुळवेल, सुंठ अशा औषधांनी गुडघ्याचे दुखणे नेहमीच्या गोळीइतकेच उतरले, असे त्यात दिसले. म्हणजे आपल्या वनस्पतींत दम आहे, पण तो दुखणे उतरवण्याचा. नवी गादी विणण्याचा दावा कोणी केला तर कागद मागा. आणि भाजीतली हळद वेगळी, कॅप्सूलमधला अर्क वेगळा. अर्काने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

बिनलेबलाच्या पुडीपासून तर लांबच राहा. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेले आहे. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. दुकानातून रोज आणलेली दुखण्याची गोळीही फुकट पडत नाही. वर्षानुवर्षे खाल्ली तर पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे जातात. त्यापेक्षा गुडघ्यावर चोळायचे दुखण्याचे मलम आधी वापरून पाहावे.

माती आहे तोवर

नवे औषध येईल तेव्हा येईल. तोवर आहे ती गादी राखायची, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा धारकरी. खाटेवर किंवा ओट्यावर पाय सोडून बसा. एक पाय समोर सरळ करा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सावकाश खाली घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. या व्यायामाने दुखणे उतरते हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. दोन-तीन महिने नेम मोडू नये.

चालणे सोडू नये. काठी धरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरावी. ज्यांचे वजन जास्त आहे, त्यांनी एक किलो उतरवले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. आपल्या बहुतेक कष्टकरी बायांच्या अंगावर उतरवायला वजनच नाही. त्यांचे ओझे डोक्यावर असते. चाऱ्याचा एक मोठा भारा आणण्यापेक्षा दोन लहान आणावेत. संडास बांधताना घरात गुडघेदुखीचे माणूस असेल तर खुर्चीचे भांडे बसवावे.

आणि उकिडवे बसणे कमी करावे. ओळीतले तण सायकल कोळप्याने उभ्याने काढता येते. लांब दांड्याचे खुरपे गावचा लोहार करून देतो. रोपाच्या बुडाशी जे उरेल तेवढ्यालाच बसावे लागते, तिथे एक वीतभर उंच पाट घेऊन बसले तरी गुडघा पुरता दुमडत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. ते कपाटातून शिवारात आणायला आपणच मागे लागले पाहिजे.

गुडघा लाल होऊन गरम झाला, ताप आला, किंवा सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडून राहत असतील, तर तो दुसरा रोग असतो. त्याला डॉक्टरच गाठावा, आणि लवकर.

गुडघा पुरताच गेला तर बदलण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि ती चांगली आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. जास्त वापराचा जो नग सुमारे दीड लाखाला पडत होता, तो तेव्हा ५५ हजारांच्या आत आला. दवाखान्याचा खर्च त्यावर वेगळा. पण बदललेल्या गुडघ्याने उकिडवे बसून खुरपता येत नाही, हे आधी समजून घ्यावे. ती बाई चालेल-फिरेल, सुखाने झोपेल. शेतातल्या त्या कामाला मात्र ती परत येणार नाही.

काय मागायचे

२०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्याला शिकणारी पोरे मिळाली, शिकवणारे डॉक्टर मिळाले. त्यांच्याकडे आपली मागणी साधी आहे. भिगवणला १९९६ मध्ये झाली तशी घरोघर मोजणी सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत आणि हिंगोली या पाचही तालुक्यांतल्या निवडक गावांत करा. बाई किती वर्षे खुरपते, कापूस किती दिवस वेचते, ओझे किती वाहते, हेही त्यात लिहा. दुसरी मागणी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्यायाम शिकवणारा माणूस आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, शक्यतो बाजाराच्या दिवशी, बसवा. तिसरी मागणी उत्पादन खर्चाची. ज्या कामाने अंग झिजते, त्या कामाच्या मजुरीत झिजेचा भाग वेगळा धरा. आकडे हातात असतील तर हे भांडण करता येते. आकडे नसतील तर त्याला कोणी रडगाणे म्हणेल.

म्हणून सुरुवात आपण करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावच्या शाखेने एक कागद आणावा. गावातल्या चाळिशीपुढच्या किती बाया जमिनीवरून हात न टेकता उठू शकतात आणि किती उठू शकत नाहीत, एवढेच दोन आकडे. नावे नकोत. मोजणी बायांनीच करावी, आणि पहिली मोजणी स्वतःच्या घरापासून करावी.